शिवणीवरून

होमा बेच्या इस्पितळात
त्या रात्री एकच कात्री धड होती.
तिनं मी ओकुमूचा सदरा कापला.
कोळी होता तो, म्बिटाकडचा,
बोटीच्या इंजिनावरून भांडण, बरगडीखाली सुरा.
कात्रीला वाट हवी असते.
कापडाला आधीच भोक होतं,
मी तिथूनच सुरुवात केली.

तो जगला. हे आधी सांगते,
कारण कोर्टात कुणी विचारलं नाही.

अकरा महिन्यांनी समन्स आलं.
मटाटूचं भाडं माझं, रजाही माझी.
वकिलानं मऊ आवाजात विचारलं,
पातं एकधारी की दुधारी?
सदऱ्यावरची चीर किती लांब?
आणि सदरा कुठे आहे, सिस्टर?
भिजत घातला होता, म्हणाले. मग टाकला.
"भिजत," एवढंच म्हणून तो खाली बसला.
ओकुमू मागच्या बाकावरून माझ्याकडे बघून हसला.
त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं बोलले.

ओबुरा म्हणाला, यापुढे "जखम" लिहायचं, बस्स.
जितकं कमी लिहाल तितके कमी प्रश्न.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
पोलिसाच्या हातात पी-थ्री फॉर्म दिसला
की ओबुराला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला काम निघतं.
मी त्याला नावं ठेवणार नाही.
मीही औषधांच्या खोलीत उभी राहून
मोजून झालेल्या गोळ्या पुन्हा मोजल्या आहेत.

मग एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. चहा, मांडाझी, सह्या.
कागदावर प्रश्न होता, पुरावा म्हणजे काय?
बहुतेकांनी लिहिलं, पोलिसांचं काम.
न्याबोके झाडूवाली, तिला कुणी बोलावलं नव्हतं,
ती कप गोळा करत होती.
तीच म्हणाली, ओलं कापड प्लास्टिकात कुजतं,
वाळवून पावाच्या कागदी पिशवीत ठेवायचं.
कुठे शिकलीस?
"माझ्या बहिणीचे कपडे प्लास्टिकात होते."
यापुढे कुणी काही विचारलं नाही.

काल रात्री एक बाई आली, ओमेना विकणारी.
ओठ फुटलेला,
नखांखाली दुसऱ्या कुणाची कातडी.
म्हणाली, पाणी दे, तोंड धुते.
माझा हात आपसूक नळाकडे गेला.
वीस वर्षं हा हात धूतच आलाय,
दया म्हणजे ओलं फडकं, एवढंच त्याला ठाऊक.
थांब, म्हणाले.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
की मीच तिला मारलं होतं.

आधी नखं. एकेक बोट, एकेक कागद.
मग कात्री, चीर सोडून, शिवणीवरून.
कधी झालं?
रात्रीचे तीन, म्हणाली.
आमचे तास अंधार पडल्यापासून सुरू होतात,
कोर्टाचे मध्यरात्रीपासून.
मी लिहिलं, तिच्या शब्दांत तीन,
भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे नऊला आठ कमी,
घड्याळ आठ मिनिटं मागे.
ओबुरा खांद्यावरून वाचत होता.
"एवढं सगळं?"
पण गेला नाही. वीज गेली तेव्हा
टॉर्च धरून उभा राहिला.

न्याबोकेनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.
कमरेचा लेसो आत जायला लागला
तेव्हा बाई पहिल्यांदा रडली.
तो माझा नाही, बहिणीचा आहे,
उद्या परत द्यायचाय.

उद्या.
मी पावती लिहिली, लेसो एक, पिवळा,
काठाला काजूची नक्षी, डाग चार.
परत कधी, या रकान्यात
पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा एक ठिपका झाला.
त्याच्याशेजारी मी सही केली.

मग तिचं तोंड धुतलं.
पाणी गार होतं.
तापवून ठेवायला हवं होतं.